बारा लेथ आणि घार्गे बाई

घार्गे बाईंनी आयुष्यात कुणाला माफ केलं असं मला आठवत नाही. हे मी त्यांच्या माघारी बोलतोय असं समजू नका. त्या स्वतःच सांगायच्या, आणि थोड्या अभिमानानंच सांगायच्या. "सर, मी इसरत न्हाई. लोकं म्हनत्यात सोडून द्यावं. का म्हनून सोडायचं? त्यांनी करताना सोडलंतं का?"

विटा आणि पलूसच्या मधल्या उसाच्या पट्ट्यात एका खाजगी आयटीआयमध्ये आम्ही नऊ वर्षं एकत्र काम केलं. त्या टर्नरच्या वर्गाला लेथ, म्हणजे लोखंड फिरवत कापायचं मशीन, शिकवायच्या, मी यंत्रचित्र शिकवायचो. बाई मूळच्या वडूजकडच्या. उंचीनं बेताच्या, अंगानं काटक. साडीवर खाकी कोट, पायात पुरुषांचे जाड बूट, केस टोपीत कोंबलेले. वर्कशॉपमध्ये शिरताना हातातल्या बांगड्या काढून कोटाच्या खिशात टाकायच्या आणि बाहेर पडताना न चुकता पुन्हा घालायच्या. चालताना खिसा वाजायचा, त्यामुळं बाई येतायत हे पोरांना आधीच कळायचं.

संस्थेच्या फाटकाबाहेर एक चहाची टपरी होती. टपरीवाल्यानं एकदा चारचौघांत त्यांना विचारलं, "काय बाई, तुमी मशीनवर, मग मालक चुलीवर का?" लोक हसले. गंमत अशी की त्यांचे यजमान खरोखरच चुलीवर होते, पण सैन्यात. लष्कराच्या लंगरखान्यात ते आचारी होते. दुसऱ्या दिवसापासून बाई घरून थर्मास आणायला लागल्या. रोज अकराला फाटकाबाहेर यायच्या, टपरीच्या बरोबर समोर उभ्या राहायच्या, थर्मासमधला चहा कपात ओतून सावकाश प्यायच्या आणि आत जायच्या. ऊन असो, पाऊस असो. चौथ्या वर्षी टपरीवाल्यानं हात जोडले. "बाई, चुकलं माझं. या, माझ्याकडचा घ्या." बाई म्हणाल्या, "मला माझा गोड लागतोय," आणि पुन्हा त्याच जागी उभ्या राहिल्या. टपरीवाला शेवटी टपरी उचलून रस्त्याच्या पलीकडं गेला.

पण हा त्यांचा किरकोळ राग झाला. मोठ्या रागाची त्यांची पद्धत वेगळी होती, आणि ती मला पहिल्यांदा कळली ती एका पोराच्या निमित्तानं.

बाई तरुणपणी साताऱ्याला एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागल्या होत्या. तिथल्या फोरमननं त्यांना सहा महिने मशीनला हात लावू दिला नाही. लेथखाली पडलेला लोखंडाचा कीस झाडून गोळा करायचा, एवढंच काम. वर म्हणायचा, "बाईच्या हाताला मायक्रॉन कळत नसतो." पुढं पंधरा वर्षांनी त्याच फोरमनचा मुलगा आमच्याकडं टर्नरला आला. प्रवेशाच्या फॉर्मवर बापाचं नाव वाचलं आणि बाईंनी तो कागद माझ्यासमोर धरला. "सर, बगा. देव हाय."

मला वाटलं, आता या पोराचं काही खरं नाही. बाईंनी त्याला दोन वर्षं पिळून काढलं हे खरंच. सगळे घरी गेले तरी तो मशीनवर. इतरांनी एकदा केलेला जॉब, म्हणजे कातकामाचा नमुना, त्यानं पाच वेळा करायचा. केसाच्या जाडीएवढी चूक झाली तरी बाई जॉब कीसाच्या ढिगात फेकून द्यायच्या. पोरगा रडायचा. शेवटी तो असा तयार झाला की एका जपानी भागीदारीच्या कारखान्यानं त्याला परीक्षेआधीच उचलला. निरोपाच्या दिवशी बाईंनी त्याच्या हातात त्यानंच बनवलेला एक चकचकीत शाफ्ट ठेवला. "हे घरी ने. बापाला म्हनावं, मायक्रोमीटर लावून माप. आन् म्हनावं, बाईनं शिकिवलंय."

बापानं माप घेतलं की नाही, माहीत नाही. बाई मात्र त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी अशा चवीनं खात होत्या की पंगतीला बसल्यासारखं वाटावं.

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना सगळे चेअरमनसाहेब म्हणत. पांढरे कपडे, मऊ बोलणं. पाच-सहा शाळा, एक कॉलेज आणि ही आयटीआय. भाषणात म्हणायचे, "आपल्या मातीतून कुशल कामगार घडला, तरच आपल्या मातीत कारखाना उभा राहील." वाक्य चांगलं होतं. फक्त वर्कशॉपमध्ये बारा लेथ असायला हव्या होत्या, आणि होत्या तीन. त्यातली एक बंद. चाळीस मुलांच्या वाट्याला दोन मशीन. एकेका पोराला आठवड्यातून वीस मिनिटं चाक फिरवायला मिळायचं, बाकीचा वेळ ती उभी राहून बघायची.

मग मान्यतेच्या तपासणीसाठी कमिटी येणार म्हणून कळलं. आदल्या दिवशी टेम्पोतून नऊ लेथ आल्या. चेअरमनसाहेबांच्या मेव्हण्याच्या कारखान्यातल्या जुन्या, वरून हिरवा रंग दिलेल्या. त्या ओळीनं मांडल्या, नंबर टाकले, फुलांच्या कुंड्या ठेवल्या. कमिटीतले तिघं आले, एक फेरी मारली. बाहेर मंडपात मटणाचा वास सुटला होता. ते वळणार तेवढ्यात बाई पुढं झाल्या.

"साहेब, सात नंबर चालू करून बगा की."

कमिटीतले मोठे साहेब हसले. "चालूच असणार की बाई."

"करा तर खरं."

कुणी बटण दाबलं नाही. बाईंनी स्वतः दाबलं. काही झालं नाही. मग त्यांनी मशीनमागची केबल उचलून दाखवली. तिचं दुसरं टोक नुसतंच भिंतीशी पडलं होतं. मोठे साहेब घड्याळाकडं बघून म्हणाले, "वायरिंगचं काम चालू दिसतंय. छान. चला, जेवण निवेल."

संध्याकाळी प्रत्येक शिक्षकानं अहवालावर सही करायची होती : बारा लेथ, सर्व चालू स्थितीत. बाईंनी पेनाला हात लावला नाही. मी सही केली. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती, घराचे हप्ते होते, अशी कारणं माणसाला आपोआप आठवतात. सही करून मी बाहेर आलो तेव्हा बाई पायरीवर बसून बांगड्या घालत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "केली?"

"केली."

"बरं."

एवढंच. पण ही सही बाई विसरणार नाहीत हे मला त्या 'बरं'वरून कळलं. मी त्यांना ओळखत होतो.

दुसऱ्या दिवशी नऊ लेथ टेम्पोत बसून गेल्या, आणि आठवड्याभरात बाईंकडून वर्कशॉप काढून घेतलं. त्यांना ग्रंथालय दिलं. ग्रंथालयात दोन कपाटं होती आणि एकाची किल्ली हरवलेली होती.

त्या वर्गात रेश्मा नावाची एक मुलगी होती, शिराळ्याकडची. बाप सैन्यातून निवृत्त. मुलीला नर्सिंगला घालायचं त्याच्या मनात होतं. बाई स्वतः त्याच्या घरी गेल्या होत्या, दोनदा. "फौजी, पोरीचा हात बगा तुमी. असा हात मला इतक्या वर्सांत गावला न्हाई. टर्नरला घाला. जबाबदारी माझी." बापानं ऐकलं. आता शेवटचं वर्ष चालू असताना बाई ग्रंथालयात आणि दुसरा मास्तर न नेमल्यानं वर्कशॉपला कुलूप. प्रात्यक्षिकाच्या वह्या एकमेकांच्या बघून भरल्या, परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले, चहा पिऊन गेले. सगळी मुलं पहिल्या वर्गात पास झाली.

रेश्माला साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात काम लागलं. तिसऱ्या आठवड्यात तिनं फिरत्या शाफ्टला चकाकी आणायला पॉलिशपेपर बोटांभोवती गुंडाळून धरला. असं कधीच करायचं नसतं. पण हे तोंडी सांगून कळत नाही. कुणीतरी शेजारी उभं राहून, मशीन चालू असताना, हातावर चापट मारावी लागते. पेपर जॉबला लपेटला, त्याच्याबरोबर हात ओढला गेला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

बाईंबरोबर मी साताऱ्याच्या दवाखान्यात गेलो. बाप बाकावर ताठ बसला होता, परेडला बसल्यासारखा. बाईंना बघून उठला. शिव्या देईल असं वाटलं होतं. तो फक्त म्हणाला, "बाई, तुमी जबाबदारी घेतलीती." बाई खाली मान घालून उभ्या राहिल्या. त्यांना मान खाली घातलेलं मी तेव्हाच पाहिलं.

परतताना त्यांनी मला संस्थेवर थांबू दिलं नाही. एकट्याच चेअरमनसाहेबांच्या खोलीत गेल्या. दार उघडं होतं. शिपाई, कारकून सगळे ऐकत होते, त्यांनीच मला नंतर सांगितलं.

"रेश्माची दोन बोटं गेली. ती तुमी खाल्ली."

"बाई, शब्द जपून वापरा."

"मी नऊ वर्सं जपूनच वापरले. तितं चूक झाली माझी. आता ऐका. तुमच्या संस्थेच्या सर्टिफिकेटला ह्या दोन जिल्ह्यांत कुत्रं इचारणार न्हाई, असं करीन मी. ते झाल्याबिगर मरणार न्हाई."

चेअरमनसाहेब मऊ आवाजातच म्हणाले, "दमला आहात. घरी जा. विश्रांती घ्या."

चार दिवसांनी बाईंना काढलं. काढलं तेही साधं नाही. वर्कशॉपमधली मापं घ्यायची उपकरणं चोरली, अशी पोलिसांत तक्रार. बाईंच्या घरी हवालदार गेला. शेजाऱ्यांनी बघितलं. बाईंची सासू गावात देवळात जायची बंद झाली. पंधरा-वीस कारखान्यांत त्या कामासाठी गेल्या, सगळीकडं ती बातमी आधीच पोचलेली. जवळजवळ दोन वर्षं त्या घरी बसल्या. मी एकदा भेटायला गेलो तर अंगणात शेळीला पाला घालत होत्या.

"सर, तुमी सही केली," त्या म्हणाल्या. "तुमाला सोडलंय असं समजू नका. तुमचा नंबर मागचा हाय, एवढंच."

मी म्हटलं, "बाई, मी काय करू सांगा."

"त्या अहवालाची एक नक्कल आना."

मी आणून दिली. कार्यालयातल्या फायलीतून काढली, विट्यात झेरॉक्स केली, पुन्हा ठेवली. त्या दिवसापासून मी त्यांचा माणूस झालो, घाबरून म्हणा किंवा लाजेनं म्हणा.

यजमान सैन्यातून घरी आले तेव्हा दोघांनी मिळून पलूसच्या वसाहतीच्या कडेला एक पत्र्याची शेड घेतली. भंगारातून दोन लेथ आणल्या. बाईंनी त्या पूर्ण उघडल्या, घासल्या, झिजलेले भाग स्वतः बनवून बसवले. पहिली कामगार म्हणून त्यांनी रेश्माला आणलं. बापाचा विरोध होता. रेश्मा म्हणाली, "घरी बसून बोटं उगवणार हायती का?" तिला डाव्या हातानं चाक फिरवायला शिकवायला बाईंना पाच महिने लागले.

शेडमध्ये सुटे भाग बनायला लागले, आणि माल चांगला निघतो म्हणून आजूबाजूचे कारखानदार यायला लागले. त्यांची सगळ्यांची रड एकच. ऑर्डर आहे, मशीन आहे, कर्ज मिळतंय, माणूस नाही. प्रमाणपत्र घेऊन पोरं येतात आणि मशीन बघून बिचकतात. मग बाहेरच्या राज्यातून टोळ्या आणायच्या. त्या सणाला गावी जातात आणि निम्म्या परत येत नाहीत. एकानं बाईंना विनंती केली, "बाई, आमच्याकडं आलेली पोरं तुमी जरा तपासून द्या."

याचीच वाट बाई बघत होत्या.

वर्षभरात असं झालं की वसाहतीत टर्नरला घ्यायचं तर आधी तो घार्गे बाईंकडून आला पाहिजे. बाई त्याला लेथपुढं उभं करायच्या, एक लोखंडी गज आणि एक ड्रॉइंग द्यायच्या. त्याआधी एकच परीक्षा. गज आवळायच्या जबड्याची, म्हणजे चकची, किल्ली चकलाच लावलेली ठेवायच्या, मशीन फिरताच ती गोळीसारखी उडते, आणि म्हणायच्या, "कर चालू." जो किल्ली काढल्याशिवाय बटणाकडं हात नेईल, तो तिथूनच परत. आमच्या संस्थेतली पोरं सगळी तिथून परत यायची. बाई कारखानदाराला फोन करायच्या आणि संस्थेचं नाव पूर्ण घ्यायच्या, ट्रस्टच्या नावासकट. "त्यांचा हाय. मशीन बघितल्यालं न्हाई त्यानं."

दर जूनमध्ये त्या मला फोन करायच्या. "यंदा किती?" मी प्रवेशाचा आकडा सांगायचो. चाळीसचे एकोणतीस झाले, एकोणतीसचे सतरा. बाई तो आकडा एकदा स्वतःशी म्हणायच्या. मग, "बरं. ठेवते."

इथं मला एक गोष्ट सांगायलाच हवी, ती लपवून बाईंचं चित्र पुरं होणार नाही. संतोष नावाचा एक मुलगा आमच्याकडून पास झाला, खटाव तालुक्यातलाच, म्हणजे बाईंच्या मुलखातला. चुलत्याच्या पंपदुरुस्तीच्या दुकानात तो लहानपणापासून लेथवर काम करत आलेला. त्याला येत होतं. मी मुद्दाम त्याला घेऊन बाईंकडं गेलो. बाईंनी सर्टिफिकेट बघितलं, घडी घातली आणि परत दिलं.

"बाई, एकदा गज तरी द्या त्याच्या हातात," मी म्हणालो.

"सर्टिफिकेट कुणाचं हाय ते बगितलं."

"मला येतं, बाई," संतोष म्हणाला. "बगा तर."

"जा बाळा. तुझ्यावर राग न्हाई माझा."

तो गेला. विट्याकडची कितीतरी माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. तसल्याच एका गावकऱ्याबरोबर तो दूर दक्षिणेत भट्टीवर कामाला गेला. ॲसिडच्या धुरात.

हे रेश्माला कळलं तेव्हा तिनं मशीन बंद केली. शेडमध्ये सहा-सात माणसं होती, बाईंचे यजमान होते, मी होतो. ती बाईंपुढं आली आणि आपला उजवा हात त्यांच्यासमोर धरला.

"बाई, हे त्यांनी केलं. संतोषचा आख्खा हात तुमी घालवला. त्यांच्यात आन् तुमच्यात मला फरक सांगा."

बाईंचे यजमान म्हणाले, "रेश्मा, दमानं घे."

"न्हाई, बोलू द्या तिला," बाई म्हणाल्या. पण रेश्माला आणखी काही बोलायचं नव्हतं. ती मशीनवर परत गेली.

बाईंनी संतोषला फोन लावला. त्यानं उचलला नाही. त्यांनी महिनाभर रोज लावला. मग त्यानं नंबरच बदलला. त्याच्याविषयी बाई माझ्याशी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. पण रेश्मा बोलली त्याच्या पुढच्याच सोमवारपासून न जमलेल्या पोरांना त्या नुसतं परत पाठवेनात. "तीन म्हैनं हितं ऱ्हा, शिक, मग जा," असं सांगायला लागल्या. फुकट. वैर कमी झालं असं मात्र कुणी समजू नये. तीन महिने शिकलेलं पोर कारखान्यात जायचं आणि दोन वर्षं संस्थेत काय शिकलो ते सगळ्यांना सांगायचं. संस्थेचं नाव आता बाईंना घ्यायचीही गरज उरली नाही.

मग एके दिवशी चेअरमनसाहेबांच्या मुलानं, धाकट्या साहेबांनी, वसाहतीत स्वतःचा कारखाना काढला. ट्रॅक्टरचे भाग. परदेशातून आणलेल्या नव्या मशीन, काचेचं ऑफिस, एका बड्या कंपनीची ऑर्डर. उद्घाटनाला मंत्री. आणि चालवायला माणसं नाहीत. स्वतःच्या आयटीआयची पोरं त्यांनी घेतली. पहिल्या पंधरवड्यात दोन मशीन चुकीच्या चालवून मोडल्या. दुसरी पोरं येईनात. वसाहतीतली सगळी तयार माणसं बाईंच्या हाताखालून गेलेली, आणि बाईंनी नुसतं "तिकडं जाताय व्हय?" असं विचारलं की ती जात नसत.

धाकटे साहेब गाडीतून शेडवर आले. प्राचार्यपद देतो म्हणाले, पगार तुम्ही सांगाल तो. बाई जॉबवर वाकलेल्या होत्या, मान वर केली नाही.

"वडलांना आना," त्या म्हणाल्या.

"ते आजारी असतात, बाई."

"मग बरं वाटलं की आना. घाई तुमाला हाय."

दहा दिवसांनी चेअरमनसाहेब आले. आदल्या दिवशी बाईंचा मला फोन आला होता : "सर, उद्या चार वाजता या. तुमचा नंबर आलाय." मी काय समजायचं ते समजलो. शेडमध्ये वीस-पंचवीस पोरं-पोरी अर्धगोल उभी होती, तीन-चार कारखानदार होते. रेश्माचे वडील होते. चेअरमनसाहेब मुलाबरोबर काठी टेकत आले, खूप वाळलेले. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग कोटाच्या खिशातून ती झेरॉक्स काढून माझ्या हातात दिली.

"वाचा सर. मोठ्यानं. खाली सही कुणाकुणाची हाय ते बी वाचा."

मी वाचलं. माझ्याच विद्यार्थ्यांसमोर, माझंच नाव. पुटपुटतच. बाई म्हणाल्या, "ऐकू येत न्हाई मागच्यांना." मी पुन्हा वाचलं. मग त्या चेअरमनसाहेबांकडं वळल्या.

"एक नंबर लेथ. व्हती का?"

"होती."

"दोन नंबर?"

"होती."

"तीन?"

"होती... बंद होती."

"चार?"

मुलगा पुढं आला, "बाई, हे काय चाललंय?" बाईंनी त्याच्याकडं बघितलंही नाही. "चार नंबर लेथ. व्हती का?"

"नव्हती."

पाच. नव्हती. सहा. नव्हती. बाई एकेक आकडा सावकाश घेत होत्या, मधे थांबत होत्या, आणि प्रत्येक वेळी उत्तर येईपर्यंत वाट बघत होत्या. नवव्या आकड्याला मला वाटलं, आता पुरे. मी रेश्माकडं बघितलं, ती रडत होती, पण तिनंही थांबवलं नाही. बारा. नव्हती.

"आन् मी चोरी केलीती का?"

"नाही."

"लिहून द्या."

कागद तयारच होता. त्यांनी सही केली. धाकटे साहेब चिडून म्हणाले, "झालं समाधान? आता माणसं द्या."

"मानसं देते असं मी कवा म्हनले?" बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या वर्कशॉपात बारा लेथ बसवा. चालणाऱ्या. रेश्मा येऊन बगून जाईल. शिकवाय मास्तर मी सांगीन तो ठेवा. मग तितं पोरं शिकतील, आन् दोन वर्सांनी तुमाला मानसं मिळतील."

"दोन वर्षं? माझी ऑर्डर आहे!"

"मी बसले की दोन वर्सं घरी. चोर म्हनून. बसा तुमी बी."

ऑर्डर गेली. दीड वर्षात काचेचं ऑफिस दुसऱ्याला विकलं गेलं. बारा लेथ मात्र बसल्या, कारण सगळ्या वसाहतीसमोर बोलणं झालं होतं आणि त्याशिवाय संस्थेत एकही प्रवेश झाला नसता. मी तिथून निवृत्त झालो तेव्हा वर्कशॉप दोन पाळ्यांत चालत होतं. बाई त्या फाटकातून आत कधीच गेल्या नाहीत. माझ्या निरोप समारंभालाही नाही. बाहेर रस्त्यावर उभ्या राहून त्यांनी मला एक नारळ दिला आणि म्हणाल्या, "आता तुमचं माझं फिटलं."

गेल्या वर्षी चेअरमनसाहेब वारले. तालुक्याच्या सभागृहात शोकसभा झाली. वक्त्यांनी त्यांना शिक्षणाचा दीपस्तंभ म्हटलं, आमच्या भागातल्या उद्योगाचे शिल्पकार म्हटलं. मी मागं बसलो होतो. तेवढ्यात बाजूच्या दारातून घार्गे बाई आल्या, बरोबर रेश्मा. बाई सरळ स्टेजवर चढल्या. सूत्रसंचालकाला काय करावं कळेना. त्यानं माइक दिला.

"बोलले ते खरं हाय," बाई म्हणाल्या. "ह्या वसाहतीत आज जी दोन-तीनशे पोरं मशीनवर उभी हायती, ती चेअरमनसायबांच्यामुळंच. त्यांनी मला चोर म्हनून हाकललं नसतं, तर मी ग्रंथालयात बसून पेन्शनीत गेले असते."

फोटोला हार घातलेला होता. त्याला त्यांनी नमस्कार केला नाही. पुढच्या रांगेत धाकटे साहेब खाली बघत बसले होते. बाई पायऱ्या उतरल्या, दाराशी जाऊन चपलांच्या गर्दीतून आपले बूट शोधले आणि तिथंच खाली बसून सावकाश नाड्या बांधल्या. पुढचा वक्ता उभा राहीना. बाहेर रेश्मानं स्कूटर चालू केली होती. बाई मागं बसल्या, पदर खोचला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "चल गं, शेडवर दुसरी पाळी सुरू झाली असंल."